अर्ध्या आरशात अख्खी प्रतिमा : वक्र आरशांच्या अभ्यासाची प्रस्तावना

अंतर्गोल आरशासमोर पेटती मेणबत्ती ठेवली आणि पुढे धरलेल्या कागदावर तिची उलटी ज्योत स्पष्ट पाडली. आता आरशाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला, तर कागदावरच्या ज्योतीचे काय होईल? प्रकाशाचा धडा संपवून, सूत्रे पाठ करून, गणिते सोडवून झालेल्या विद्यार्थ्यांपैकीही पुष्कळ जण सांगतात की ज्योत अर्धीच उरेल. ही अडचण फक्त आपल्या शाळांची नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात फ्रेड गोल्डबर्ग आणि लिलियन मॅकडरमॉट यांनी भिंग व अंतर्गोल आरसा यांच्या वास्तव प्रतिमांविषयी विद्यार्थ्यांना नेमके काय समजले आहे याचा अभ्यास केला. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात भिंगाचा अर्धा भाग झाकण्याचा प्रश्न आहे, आणि महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकलेल्या अनेकांनीही अर्धी प्रतिमा नाहीशी होईल असेच उत्तर दिले होते. प्रत्यक्षात ज्योत पूर्ण राहते, फक्त मंद होते. हे असे का होते, यावर या पुस्तिकेचा सारा भर आहे. ज्याला ते कारण नीट कळले, त्याला वक्र आरशांबाबत पाठ करण्याजोगे फारसे काही उरत नाही, असे माझे ठाम मत आहे. त्या मताची बाजू मांडणे आणि त्यावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांना उत्तर देणे, एवढेच या प्रस्तावनेचे काम.

सुरुवात ज्योतीच्या एका बिंदूपासून करू, समजा तिच्या टोकापासून. त्या टोकातून प्रकाश सर्व दिशांना बाहेर पडतो. त्यातला जो आरशाच्या दिशेने जातो तो आरशाच्या कुठल्या एका ठिकाणी पडत नाही, आरशाचा सगळा पृष्ठभाग व्यापतो. आता आरशावरचा एखादा अगदी लहान तुकडा घ्या. तो इतका लहान आहे की त्याला सपाट मानायला हरकत नाही, आणि सपाट आरशाचा नियम आपल्याला ठाऊक आहे: आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात. हे कोन स्तंभिकेपासून मोजायचे, आणि गोलीय आरशाची सोय अशी की त्याच्या पृष्ठभागावर कुठेही स्तंभिका काढली तरी ती वक्रता केंद्रातूनच जाते. शेजारचा तुकडा किंचित वेगळ्या दिशेला कललेला असतो, म्हणून त्याच्यावरून परतणारा किरणही किंचित वेगळ्या दिशेने जातो. कलण्यातला हा फरक मध्यापासून कडेपर्यंत असा क्रमाने वाढत गेलेला असतो, की टोकापासून निघून आरशाच्या शेकडो तुकड्यांवर पडलेले किरण परतताना जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन एकमेकांना छेदतात. ते ठिकाण म्हणजे ज्योतीच्या टोकाची प्रतिमा. ज्योतीच्या बुडाच्या बिंदूचे किरण असेच दुसऱ्या ठिकाणी जमतात, मधल्या प्रत्येक बिंदूचे मधे कुठेतरी, आणि अशा सगळ्या ठिकाणांची मिळून अख्खी ज्योत उभी राहते. एवढे लक्षात घेतले की झाकलेल्या आरशाचे कोडे उरत नाही. टोकाचा प्रकाश आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावरही पडत होता आणि खालच्याही. वरचा अडवला तरी खालचा त्याच ठिकाणी पोचतो. जमणारा प्रकाश निम्मा झाला, पण जमण्याची जागा बदलली नाही आणि एकही बिंदू गळला नाही.

हे वाचून पटले तरी हाताने करून पाहावेच. शाळेच्या प्रयोगशाळेत २० सेमी नाभीय अंतराचा अंतर्गोल आरसा मिळाला तर उत्तम. मेणबत्ती आरशापासून ३० सेमीवर ठेवा आणि खोलीत अंधार करा. प्रतिमा ६० सेमीवर, दुप्पट मोठी आणि उलटी मिळेल. २ सेमी उंचीची ज्योत कागदावर ४ सेमीची होईल. मेणबत्ती आणि कागद एका ओळीत आले तर मेणबत्तीची सावली कागदावर पडते, म्हणून आरसा थोडा एका बाजूला वळवावा. आता एक पोस्टकार्ड आरशाला अगदी टेकवून वरचा भाग झाका: ज्योत अख्खी, प्रकाश कमी. मग तेच कार्ड आरशापासून हळूहळू कागदाकडे सरकवत न्या. कागद जवळ येईल तशी ज्योत एका बाजूने काळवंडू लागते, आणि कार्ड कागदाला भिडले की ती सरळ रेषेत कापली जाते. आरशापाशी प्रत्येक बिंदूचा प्रकाश सगळ्या पृष्ठभागावर पसरलेला असतो, म्हणून तिथे अर्धा प्रकाश अडवला तर प्रत्येक बिंदूचा निम्मा वाटा जातो. कागदापाशी मात्र बिंदू वेगवेगळे होऊन आपापल्या जागी पोचलेले असतात, म्हणून तिथे अडवले तर काही बिंदू पूर्ण जातात आणि बाकीचे पूर्ण राहतात. पोस्टकार्डाच्या या एका प्रवासात विषयाचे मर्म आहे, आणि एखाद्या वर्गाला या धड्यातला एकच प्रयोग करायला वेळ असेल तर त्याने हाच करावा असे मी सुचवीन.

त्याच मांडणीत आणखी एक गोष्ट पाहता येते. कागद काढून घेतला तर प्रतिमा कुठे जाते? कुठेच जात नाही. किरण अजूनही त्याच ठिकाणी एकत्र येतात, फक्त आता ते थांबत नाहीत, छेदून पुढे निघून जातात. कागद होता तेव्हा त्याने तो प्रकाश सगळीकडे विखुरला, म्हणून खोलीत कुठूनही ज्योत दिसत होती. आता ती दिसायची तर डोळा त्या पुढे निघालेल्या प्रकाशाच्या वाटेत असायला हवा. कागदाच्या जागेपासून हातभर मागे जा आणि आरशाकडे बघा. उलटी ज्योत दिसते, आणि पहिल्या नजरेला ती आरशात आहे असेच वाटते. ती खरोखर कुठे आहे हे ठरवायला एक विणकामाची सुई पुरे. कागद होता त्या जागी सुई उभी धरा आणि डोके डावीकडे-उजवीकडे हलवा. सुई आणि ज्योतीचे टोक एकमेकांना सोडत नाहीत. सुई आरशाकडे सरकवली की डोके हलवताच दोघींची फारकत होते. म्हणजे ज्योत सुईच्या जागीच आहे, आरशाच्या पुढे, मोकळ्या हवेत.

आता पाठ्यपुस्तकातल्या आकृतीकडे वळू. त्यात वस्तूच्या टोकापासून दोनच किरण काढलेले असतात: एक मुख्य अक्षाला समांतर, जो परावर्तनानंतर नाभीतून जातो, आणि दुसरा नाभीतून किंवा वक्रता केंद्रातून जाणारा. त्यांचा छेद म्हणजे प्रतिमा. ही आकृती अचूक आहे आणि उपयोगी आहे. पण ती रोज काढणाऱ्या मुलाच्या मनात नकळत असा समज रुजतो की प्रतिमा या दोन किरणांनीच तयार होते, आणि त्यातला एक अडवला की काम बिघडते. नाभीय अंतर ढोबळपणे काढण्याच्या नेहमीच्या प्रयोगात या समजाची परीक्षा होते. खिडकीबाहेरच्या लांबच्या झाडाची प्रतिमा आपण आरशाने कागदावर पाडतो. झाड १० मीटर उंच आणि आरसा तळहाताएवढा. झाडाच्या शेंड्यापासून अक्षाला समांतर निघालेला किरण आरशाच्या कितीतरी मीटर वरून निघून जातो, आरशाला तो शिवतही नाही. तरीही शेंडा कागदावर स्वच्छ उमटतो, कारण शेंड्यापासून निघालेले दुसरे असंख्य किरण आरशावर पडतात आणि एकत्र येतात. आकृतीतले दोन किरण प्रतिमा घडवत नाहीत, तिचा पत्ता शोधून देतात. सगळ्या किरणांना एकाच ठिकाणी जायचे असल्याने, ज्या दोघांची वाट पट्टीने काढायला सोपी ते आपण निवडले, इतकेच.

याचा सर्वांत देखणा पुरावा अलीकडे आकाशातून मिळाला. २५ डिसेंबर २०२१ रोजी झेपावलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा ६.५ मीटर व्यासाचा मुख्य आरसा अखंड नाही. तो १८ षटकोनी तुकड्यांचा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तुकडे अजून नीट जुळवलेले नसताना ती दुर्बीण एका एकट्या ताऱ्याकडे रोखली, तेव्हा छायाचित्रात एकाच ताऱ्याचे अठरा ठिपके आले. प्रत्येक तुकड्याने आपापली स्वतंत्र प्रतिमा वेगळ्या जागी पाडली होती. नंतर तुकडे हळूहळू कलवून ते अठराही ठिपके एकावर एक आणले गेले आणि एक तेजस्वी तारा मिळाला. आरशाचा प्रत्येक भाग संपूर्ण प्रतिमा पाडतो, आणि चांगला आरसा म्हणजे या सर्व प्रतिमा एकाच जागी आणणारा आरसा, हे इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. आरशाचा मधला भाग मुळातच नसला तरी याच कारणाने काम अडत नाही. कान-नाक-घशाचे डॉक्टर पूर्वी कपाळावर बांधत असत त्या अंतर्गोल आरशाच्या मधोमध पाहण्यासाठी भोक असे. मोठ्या परावर्ती दुर्बिणींच्या मुख्य आरशालाही बहुधा मध्यभागी भोक असते, पण ताऱ्यांच्या प्रतिमांना ते पडत नाही.

पहिला आक्षेप शिक्षकांचा असतो, आणि तो रास्त काळजीतून येतो. परीक्षेत दोन किरणांची आकृती विचारतात, वस्तूच्या सहा स्थानांचा तक्ता विचारतात, वेळ मोजका असतो. मग एवढ्या खोलात कशाला जायचे? माझे उत्तर असे की खोलात गेल्याने तक्ता पाठ करण्याचे श्रमच वाचतात. एकच दृश्य मनाशी धरावे: वस्तू दुरून आरशाकडे येत आहे. ती फार लांब असते तेव्हा तिच्या एका बिंदूचे किरण जवळजवळ समांतर येतात, आणि आरसा त्यांना नाभीपाशी आणतो. वस्तू जवळ येते तसे तिचे किरण आरशावर पडताना अधिकाधिक फाकलेले असतात. त्यांना वळवण्याची आरशाची ताकद तेवढीच राहते, म्हणून ते एकत्र यायला जास्त अंतर घेतात, आणि प्रतिमा आरशापासून दूर सरकत मोठी होत जाते. वक्रता केंद्रापाशी वस्तू आणि प्रतिमा समोरासमोर येतात. नाभीवर वस्तू पोचली की परतणारे किरण समांतर होतात आणि कुठेच भेटत नाहीत. त्याही आत आली की आरशाची ताकद अपुरी पडते, किरण परतल्यावरही फाकलेलेच राहतात, आणि प्रतिमा आरशामागे जाते. सहा ओळींचा तक्ता ही एका अखंड हालचालीची सहा छायाचित्रे आहेत. हालचाल समजलेल्या मुलाला सातव्या स्थानाविषयी विचारले तरी तो अडत नाही. चिन्हसंकेतांचा धाकही असाच अनाठायी आहे. कोणते अंतर धन आणि कोणते ऋण धरायचे हा हिशेब ठेवण्याचा करार आहे. तो पाळावा लागतो, पण त्याने प्रकाशाचे काही बदलत नाही.

तक्त्यातल्या एका नोंदीबद्दल मात्र सावध केले पाहिजे. अनंत अंतरावरच्या वस्तूची प्रतिमा नाभीवर ‘बिंदुरूप’ मिळते असे लिहिलेले असते. ताऱ्यासाठी ते चालेल, सूर्यासाठी नाही. सूर्याच्या वरच्या आणि खालच्या कडेकडून येणाऱ्या किरणांत सुमारे अर्ध्या अंशाचा फरक असतो, म्हणून १ मीटर नाभीय अंतराचा आरसा सूर्याची सुमारे ९ मिमी व्यासाची प्रतिमा पाडतो, आणि २० सेमीचा आरसा जेमतेम २ मिमीची. कागद जाळणारा तो ठिपका म्हणजे खुद्द सूर्याचे चित्र आहे. खंडग्रास ग्रहण चालू असताना तो ठिपकाही चंद्रकोरीसारखा होतो. सूर्याचा प्रयोग मुलांनी एकट्याने करू नये आणि सूर्याकडे रोखलेल्या आरशात कधीही डोकावू नये. डोळ्याला कायमची इजा होते. पौर्णिमेचा चंद्र हाच मुद्दा कोणत्याही धोक्याशिवाय दाखवतो. आकाशात त्याचा आकार जवळजवळ सूर्याएवढाच दिसतो.

दुसरा आक्षेप विद्यार्थी घेतात. आरशामागे प्रकाश पोचतच नाही, मग तिथे प्रतिमा आहे असे म्हणायचे तरी कसे? आभासी म्हणजे खोटीच ना? याचे उत्तर डोळ्याच्या कामात आहे. डोळ्यात शिरणारे किरण कोणत्या बिंदूपासून फाकत आल्यासारखे आहेत एवढेच डोळ्याला कळते. ते त्या बिंदूपासून खरोखर निघाले की आरशाने त्यांना तशा दिशा दिल्या, हे ओळखण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. कॅमेऱ्याजवळही नाही, म्हणून आभासी प्रतिमेचे छायाचित्र निघते आणि ते स्पष्ट यायला कॅमेरा आरशाच्या काचेवर नव्हे, आरशामागच्या त्या जागेवर जुळवावा लागतो. ज्या जागेचे अंतर मोजता येते तिला खोटी म्हणता येणार नाही. गाडीच्या बाजूच्या बहिर्गोल आरशावर लिहिलेल्या इशाऱ्याचा उलगडाही याच वाटेने होतो: वस्तू आरशात दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत. समजा त्या आरशाचे नाभीय अंतर १ मीटर आहे आणि मागे ९ मीटरवर एक स्कूटरस्वार आहे. सूत्राने त्याची प्रतिमा आरशामागे फक्त ०.९ मीटरवर, एक दशांश आकाराची मिळते. म्हणजे प्रतिमा स्वारापेक्षा खूप जवळ आहे! मग तो लांब का वाटतो? चालकाचा डोळा आरशापासून ०.६ मीटरवर असेल तर प्रतिमा डोळ्यापासून १.५ मीटरवर आहे, आणि दीड मीटर उंचीच्या स्वाराची प्रतिमा १५ सेंटिमीटरची. माणसाची उंची आपल्या मनात पक्की असल्यामुळे इतकी लहान दिसणारी आकृती मन १५ मीटर लांब ढकलते, तर साध्या सपाट आरशात तोच स्वार ९.६ मीटरवर दिसला असता. प्रतिमेची जागा आणि मनाने केलेला अंतराचा अंदाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावर या फरकाला जिवाची किंमत असते, म्हणून पुस्तिकेत बहिर्गोल आरशाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे, आणि तो घेणारा विद्यार्थी भेटला तर त्याचे कौतुक करावे. सगळे किरण एकाच ठिकाणी येतात हे खरे आहे का? काटेकोरपणे पाहिले तर गोलीय आरशासाठी ते खरे नाही. अक्षाला समांतर आलेला किरण आरशावर जिथे पडतो तिथून वक्रता केंद्राकडे त्रिज्या काढा. परावर्तित किरण अक्षाला जिथे छेदतो तो बिंदू, वक्रता केंद्र आणि आपतन बिंदू यांचा त्रिकोण समद्विभुज होतो. किरण अक्षाच्या अगदी जवळ असेल तर यावरून छेदनबिंदू त्रिज्येच्या मध्यावर येतो, आणि नाभीय अंतर त्रिज्येच्या निम्मे हा नियम मिळतो. किरण जसा कडेकडे जातो तसा हा नियम सुटतो. २० सेमी त्रिज्येच्या आरशात अक्षापासून साडेतीन सेंटिमीटरवरचा किरण आरशापासून १० ऐवजी सुमारे ९.८५ सेंटिमीटरवर अक्षाला छेदतो, १० सेंटिमीटरवरचा साधारण ८.४५ सेंटिमीटरवर, आणि १७.३ सेंटिमीटरवरचा तर थेट आरशाच्या ध्रुवावरच जाऊन आदळतो. पाठ्यपुस्तकातला नियम चुकीचा नाही, त्याला हद्द आहे: आरसा त्याच्या त्रिज्येच्या मानाने लहान हवा. ही हद्द लपवून शिकवू नये, कारण दुर्बिणींचा इतिहास तिच्याच भोवती फिरतो. न्यूटनने १६६८ साली केलेल्या परावर्ती दुर्बिणीचा आरसा गोलीय होता आणि लहान असल्यामुळे निभावला. समांतर किरणांना काटेकोरपणे एका बिंदूत आणणारा आकार अन्वस्ताचा, हे गणितज्ञांना प्राचीन काळापासून ठाऊक होते. पण धातूला तो आकार देऊन चांगली दुर्बीण करून दाखवायला १७२१ उजाडले, आणि ते जॉन हॅडलेने केले. १९९० मध्ये सोडलेल्या हबल दुर्बिणीच्या २.४ मीटर आरशाच्या कडा हव्या त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रोमीटर जास्त सपाट घासल्या गेल्या होत्या. तेवढ्याने मधले आणि कडेचे किरण वेगवेगळ्या अंतरांवर जमू लागले आणि ताऱ्यांभोवती धूसर प्रकाश पसरला. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी तिथे जाऊन दुरुस्तीचे आरसे बसवले, तेव्हा प्रतिमा सुधारल्या. प्रतिमा म्हणजे सगळ्या किरणांची एक जागा, ही व्याख्या या आक्षेपाने मोडत नाही. उलट प्रतिमा चांगली की वाईट हे मोजण्याची पट्टी तीच पुरवते.

आरशाचा आकार किती काटेकोर हवा, हे मात्र त्यावर पडणाऱ्या लहरींवर ठरते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० अन्वस्ताकार तबकड्या आहेत, आणि जवळ जाऊन वर पाहिले तर तबकडीतून आकाश दिसते, कारण तिचा पृष्ठभाग पोलादी तारांच्या जाळीचा आहे. दृश्य प्रकाशासाठी हा आरसाच नव्हे. पण इथे गोळा करायच्या रेडिओ लहरींची लांबी २१ सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत असते, आणि एक-दोन सेंटिमीटरची भोके त्या लहरींना जाणवतही नाहीत. त्यांच्या दृष्टीने जाळी म्हणजे अखंड पत्रा. जाळी वजनाला हलकी, वारा तिच्यातून निघून जातो, म्हणून एवढी मोठी तबकडी बेताच्या खर्चात उभारून फिरवता आली. तबकडीच्या प्रत्येक भागावरून परतलेल्या लहरी नाभीपाशी बसवलेल्या ग्राहकावर एकत्र येतात. हबलला मायक्रोमीटरची चूक सोसली नाही आणि खोडदला सेंटिमीटरची भोके चालतात, या दोन्हींमागचे कारण एकच आहे. शेवटच्या प्रकरणात ते गणिताने दाखवले आहे, आणि त्यासाठी नववीपर्यंतची भूमिती पुरते.